तेरा नंबरची डबी

धुळे, १९ जानेवारी २०२५

जीवराम नाना,

तुमच्या दुकानातल्या राजदीपचा जय भीम. तुम्ही त्यावर नेहमी 'राम राम' म्हणायचात, तसं आताही म्हणालात असं धरून पुढे लिहितो.

दिवाळीत तीनदा फोन लावला होता. तुम्ही उचलला नाही, त्याचा मला राग नाही. उचलला असतात तरी मी अडखळलो असतो. लिहिताना थांबता येतं. हे पत्र आधी कच्चं लिहिलं, चार शब्द शब्दकोशात पाहिले आणि मग उतरवून काढलं.

तुमचं दुकान सोडून दोन वर्षं तीन महिने झाले. त्या दिवशी तुम्ही गिऱ्हाइकांसमोर म्हणालात, "धुळ्याले जाईसन काय करशी? कॉलेजमा चहा वाटशी?" मी म्हणालो, "इथे तरी काय वेगळं करतो?" दुसऱ्या दिवशी किल्ली शेजारच्या दीपक टेलरकडे ठेवून निघून आलो. अकरावी सायन्स सोडलेल्या मुलाला तुम्ही सहा वर्षं शेजारी बसवून सोल्डरिंग शिकवलंत, पंपाचे स्टार्टर भरायला शिकवलंत. आणि मी तसं बोललो. तेव्हापासून रोज एकदा तरी ते वाक्य मला ऐकू येतं.

पहिल्या महिन्यात मी खरंच चहा वाटला. हेही कबूल करतो.

आता मी इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे. मृणाली मॅडम नावाच्या प्राध्यापक आहेत, त्यांच्या संशोधनावर. मॅडम माझ्यावर खूश आहेत. काम काय ते सांगतो, कारण ते समजून घ्यायला तुम्हालाच सगळ्यात जास्त आवडेल.

शेतात एक डबी पुरायची. ती मातीची ओल मोजते आणि बिनतारी संदेश पाठवते. अशा डब्या बाजारात मिळतात, पण त्यांचा सेल टिकत नाही. मोजायला वीज फारशी लागत नाही. लागते ती ओरडून सांगायला. दर पाच मिनिटांनी 'ओल आहे, ओल आहे' असं सांगत बसली तर सेल लवकरच संपतो. म्हणून मॅडमच्या डबीत मेमरिस्टर घातले आहेत. हा एक रेझिस्टरच समजा, पण आपल्यातून किती वीज कुठल्या बाजूने गेली ते लक्षात ठेवणारा. सेल काढला तरी विसरत नाही. मॅडम प्रयोगशाळेत प्रत्येक चिपला अगदी बारीक बारीक झटके देऊन शिकवतात की नेहमीची माती कशी असते. एका चिपला अर्धा दिवस लागतो. मग डबी शेतात स्वतःच ठरवते. सगळं नेहमीसारखं असेल तर गप्प बसते आणि काही बिघडलं तरच बोलते. सेल वर्षभर पुरावा असा हिशोब आहे.

तीन दिवसांपूर्वी अशा बारा डब्या झुलाल आबांच्या केळीत लावल्या. त्यांचं शेत चोपड्यापासून सातपुड्याच्या अंगाला आहे. म्हणजे मी तुमच्या गावात होतो. स्टँडवर उतरून दुकानाच्या गल्लीपर्यंत आलो, तुमची सायकल पाहिली आणि परत फिरलो.

आणखी एक. इथल्या नोकरीच्या फॉर्मवर आधीच्या कामाचं ठिकाण म्हणून तुमच्या दुकानाचा नंबर लिहिला आहे. तुम्हाला न विचारता. क्षमा असावी.

तुमचा,
राजदीप


धुळे, ९ फेब्रुवारी २०२५

नाना,

माझं पहिलं पत्र मिळालं असेल. उत्तर आलं नाही. यायलाच हवं असं काही नाही.

इथे अडचण झाली आहे. बारापैकी पाच डब्या बिघडल्या. तीन डब्या पहिल्या दिवसापासून अखंड ओरडत राहिल्या आणि वीस दिवसांत सेल संपवून बसल्या. दोन सुरुवातीपासूनच मुक्या. त्यांतल्या एका मुक्या डबीच्या ओळीत ठिबकची नळी बुजली होती, आठवडाभर पाणी नव्हतं, आणि डबीने चकार शब्द काढला नाही. आम्ही गेलो तेव्हा तिथली केळीची पानं खाली लोंबत होती.

झुलाल आबांनी डबी उपटून माझ्या हातात दिली. म्हणाले, "हाई तुन्ही डबी. मन्हा गडी बी असाच शे, काम पडनं की मुका." सगळे हसले. मला हसता आलं नाही. मग ते म्हणाले, "अरे भो, तोंड पाडू नको. भाकर खाई ले." शेतातच जेवायला बसवलं. वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी. नुकसान त्यांचं झालं होतं आणि वाढतही तेच होते.

बिघडलेल्या डब्या एक ते पाच नंबरच्या. सहा ते बारा ठीक आहेत. एक ते पाच एका बॅगेत होत्या आणि ती बॅग भूषणकडे होती. भूषण एमईचा विद्यार्थी आहे, सगळ्या सर्किटचं सोल्डरिंग त्याचं. एसटीने नेताना अमळनेरच्या स्टँडवर त्याच्या हातून बॅग पडली होती. त्याने स्वतःच हसत हसत सांगितलं होतं, "डब्यांनी अमळनेरच्या मातीचीही चव घेतली." आता ते हसणं त्याला भोवलं आहे. मॅडम म्हणतात, आदळून चिप गेल्या आणि त्याने गांभीर्याने घेतलं नाही. पुढच्या सोमवारी, सतरा तारखेला, बैठक आहे. प्रकल्पातून त्याचं नाव काढलं तर त्याचं एक वर्ष जाईल.

मला भूषणचं वाईट वाटतं. बॅग पडायला नको होती.

एक ते पाच या डब्या मी भरल्या होत्या, म्हणजे चिप आत बसवून झाकण लावलं होतं. सहा ते बारा भूषणने भरल्या, कारण तेव्हा दोन दिवस मी डब्यांची झाकणं आणि सेल आणायला जळगावला गेलो होतो. हे फक्त नोंद म्हणून लिहितो.

तुमचा,
राजदीप


धुळे, १३ फेब्रुवारी २०२५

नाना,

मागच्या पत्रात मी बॅगेबद्दल लिहिलं ते चूक आहे. तेव्हा मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे आणि तुमच्याशिवाय कोणाला सांगितलेलं नाही.

डब्या मी बिघडवल्या.

तुम्ही मला पहिल्या दिवशी शिकवलंत की मीटर लावल्याशिवाय कुठलाही पार्ट बोर्डावर चढवायचा नाही, दुकानदाराच्या शब्दावर विश्वास नाही, डब्यावरच्या छापावर विश्वास नाही. आणि मोजलं की लगेच वहीत लिहायचं. मी ते इथेही करत आलो. पहिल्या महिन्यात मुलं हसली. भूषणच म्हणाला होता, "राजदीपभाऊ, चहाच्या कपालाही मीटर लावून बघ, गरम आहे का." म्हणून मी सकाळी आठला येऊन, कोणी नसताना मीटर लावायला लागलो. मॅडमना ठाऊकच नाही. माझं काम डब्या भरण्याचं, चिप मोजण्याचं नव्हे.

आता नीट लक्ष देऊन वाचा. मीटर रेझिस्टन्स मोजतो तेव्हा स्वतःच्या सेलमधली थोडी वीज त्या पार्टमधून सोडतो. साध्या रेझिस्टरला त्याचं काही वाटत नाही. मेमरिस्टरला मात्र ती वीज म्हणजे नवा धडा. मॅडमनी अर्धा दिवस बसून बारीक झटक्यांनी शिकवलेलं मी एका टोचण्यात पुसत होतो. मला जिची जास्त काळजी वाटली तिला जास्त वेळा मीटर लावला. तीन नंबरला सात वेळा. ती सगळ्यात आधी गेली. भूषणने मीटर न लावता भरलेल्या सातही डब्या उत्तम चालू आहेत.

कळलं कसं ते सांगतो. आमच्याकडे तेरा नंबरची एक जादा डबी आहे. ती कपाटातच होती. एसटीत बसली नाही, अमळनेरला पडली नाही. सोमवारी मॅडम म्हणाल्या, ती तयार ठेव. मी तिची चिप मॅडमच्या यंत्रावर लावली, ते मला चालवता येतं. पडद्यावर दिसलं, तीही सगळं विसरलेली. वही काढली. तेरा नंबरला मी चार वेळा मीटर लावला होता.

मॅडम तासावर होत्या. मी चिप परत डबीत घातली, डबी माझ्या खणात मागे सरकवली, आणि त्या आल्यावर म्हणालो, "तेराचा सेल यायचा आहे." नाना, मी खोटं बोललो. तोंडातून इतकं सरळ आलं की मीच घाबरलो.

एक क्षण असाही आला की वाटलं, ही तुमचीच चूक. तुम्हीच ही सवय लावलीत. हे वाक्य गाळणार होतो, पण लिहिलेलं खोडलं तर तुम्ही कागद उजेडात धरून वाचताच. म्हणून ठेवलं. ते खरं नाही. तुम्ही उघड्यावर, गिऱ्हाइकासमोर मीटर लावायचात. चोरून लावायला मी माझा मी शिकलो.

वहीतलं ते पान फाडायचा विचार दोनदा आला. ती वही तुमच्या पद्धतीची आहे, पानांना आकडे घातलेले आहेत. एकतीस नंतर तेहतीस आलं की कुणालाही कळेल. पण मी पान त्या कारणासाठी ठेवलं की दुसऱ्या, ते मला सांगता येत नाही.

सोमवारी बैठक आहे. सांगितलं तर माझी नोकरी जाईल. मार्चमध्ये करार संपतो, नवा करायचा की नाही ते मॅडमच्या हातात आहे, आणि माझ्याकडे दाखवायला कुठलंही प्रमाणपत्र नाही. नाही सांगितलं तर भूषणचं वर्ष जाईल.

मला भीती वाटते. हे तुम्हाला नवीन नाही. दुकान बंद केल्यावर मी अर्ध्या रस्त्यातून परत जाऊन कुलूप ओढून पाहायचो आणि तुम्ही सायकल धरून कडेला थांबायचात. एकदाही म्हणाला नाहीत की चल लवकर. आज ते फार आठवतं आहे.

तुमचा,
राजदीप


धुळे, १८ फेब्रुवारी २०२५

नाना,

बैठक काल झाली नाही. मॅडमनी सकाळी अकराला निरोप पाठवला की गुरुवारी घेऊ. कारण सांगितलं नाही. माझं नशीब म्हणायचं.

आज दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो. पहिल्यांदा त्या फोनवर होत्या. दुसऱ्यांदा फोनवर नव्हत्या. "काय राजदीप?" म्हणाल्या. मी म्हणालो, "सोल्डर वायर संपत आली आहे." त्या म्हणाल्या, "बरं. आणखी काही?" मी म्हणालो, "नाही." त्या थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "उद्या शिवजयंतीची सुट्टी आहे. परवा मी साडेनवाला येते."

भूषण कँटीनमध्ये एकटा बसला होता. मला पाहून म्हणाला, "ये रे. तू तरी बस माझ्याजवळ." त्याने माझ्यासाठी पोहे मागवले. मी खाल्ले. हे लिहिताना लाज वाटते, पण खाल्ले.

राजदीप


धुळे, २३ फेब्रुवारी २०२५

नाना,

सांगितलं.

गुरुवारी साडेनऊला मॅडम कुलूप काढत होत्या तेव्हाच मी उभा होतो. तेरा नंबरची डबी आणि वही टेबलावर ठेवली. बोलायचं पाठ केलं होतं, ते सगळं गेलं. एवढंच म्हणालो, "मॅडम, बॅगेने नाही. मी मीटर लावला."

त्यांना आधी कळलंच नाही. मग वही उघडली. खूप वेळ वाचत होत्या. मी पंख्याकडे पाहत होतो.

"कुठला मीटर?"

मी खिशातून काढून दाखवला.

"बझरवर?"

"आधी बझरवर, जोड तुटका नाही ना ते पाहायला, मग रेझिस्टन्सवर. रेंज वहीत लिहिली आहे."

"लाल टोक कुठल्या पायाला?"

"तेही लिहिलं आहे. डावीकडचा रकाना."

त्यांनी डोळे मिटून घेतले. म्हणाल्या, "राजदीप, अर्धा हंगाम गेला. त्या शेतकऱ्याची केळी सुकली. कसं सांगू मी वर?" आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मग म्हणाल्या, "तू मोजू नकोस असं मी तुला कधी सांगितलं नाही. कारण तू मोजतोस हेच मला माहीत नव्हतं. लपून का?"

मी म्हणालो, "मुलं हसायची."

"एवढ्यासाठी?"

एवढ्यासाठीच होतं, नाना.

बैठकीत मलाच बोलायला लावलं. चार जण होते. भूषणने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे माझ्या बॅगेचा काही दोष नाही?" मॅडम म्हणाल्या, "नाही." तो माझ्याकडे वळून म्हणाला, "मंगळवारी पोहे खाताना माहीत होतं तुला?" मी हो म्हणालो. तेव्हापासून तो माझ्याशी बोललेला नाही. त्याचं नाव प्रकल्पात राहिलं आहे.

मॅडमनी माझा मीटर काढून त्यांच्या कपाटात ठेवला. वही मात्र परत दिली नाही, झेरॉक्सला पाठवली. किती वेळा टोचलं, कुठल्या बाजूने, आणि कोणती डबी किती विसरली, हे सगळं तीत आहे. त्या म्हणाल्या, "मुद्दाम कुणी इतक्या चिपा खराब करून हे मोजलं नसतं. यावर पेपर होणार नाही. पण कुठे चुकलं ते आता दिसतं." माझ्या कराराबद्दल काही बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

काल झुलाल आबांना फोन केला. माझ्यामुळे झालं म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "बरं शे. डबीले दोष देत होतो मी उगाच." मग विचारलं, "मंग आते नवी कधी आनशी?"

तुम्हाला हे सगळं कळवतो, कारण लपवायचं नाही असं ठरवलं की कुठून तरी सुरुवात करावी लागते, आणि मी तुमच्यापासून केली होती. पत्र वाचता की नाही ते मला माहीत नाही. तरी उपकार झाले. तेरा तारखेला ते कागदावर लिहिलं नसतं तर वीस तारखेला तोंडातून निघालं नसतं.

तुमचा,
राजदीप


धुळे, २८ जुलै २०२५

जीवराम नाना,

जय भीम. तुमचं 'राम राम' मिळालं. कसं ते सांगतो.

मार्चमध्ये माझा करार पुढे झाला. जूनमध्ये नव्या डब्या लावल्या. मॅडमनी चिपा पुन्हा शिकवल्या, मी एकीलाही हात लावला नाही, आणि भूषणने माझ्यासमोर भरल्या. भरताना तो चार महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलला. म्हणाला, "हात मागे बांधून उभा रहा, नाहीतर नजरेनेच विसरवशील." मी खरंच हात मागे घेतले. बाराही डब्या गप्प आहेत. मधे एकदा नऊ नंबर बोलली. आबा जाऊन पाहतात तर उंदराने नळी कुरतडलेली. ओळ वाचली. आबा म्हणाले, "आते डब्या शान्या व्हयन्या. कामपुरतंच बोलतस."

मागच्या आठवड्यात करारासाठी मी मॅडमचे आभार मानले. फार उशिरा मानले, पण माझं असंच आहे. त्या म्हणाल्या, "माझे नको. तुझ्या नानांचे मान."

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. कराराच्या कागदांसाठी आधीच्या कामाची चौकशी करायची होती, म्हणून फेब्रुवारीत त्यांनी फॉर्मवरच्या नंबरवर फोन केला होता. बैठकीच्या त्या सोमवारी, सकाळी. तुम्ही म्हणालात की कामाला चांगला आहे, भितो फार. आणि मग तुम्हीच विचारलंत, "तुमनी बैठक आज शे ना?" मॅडम चकित झाल्या. चोपड्याच्या दुकानदाराला आमची बैठक कशी माहीत? तुम्ही म्हणालात, "दोन-तीन दिन थांबा मॅडम. पोऱ्या स्वतः ईसन सांगी." काय सांगणार म्हणून त्यांनी विचारलं. तुम्ही म्हणालात, "ते मन्हं सांगानं काम नई."

मॅडम तुमचं बोलणं तुमच्याच आवाजात करून दाखवतात. त्यांना ते पाठ झालं आहे.

म्हणून बैठक गुरुवारवर गेली. म्हणून मंगळवारी त्या माझ्याकडे तसं पाहत होत्या. म्हणून साडेनवाला येते म्हणाल्या. मी नशीब समजत होतो.

नाना, मला वाटायचं तुम्ही पाकिटं फोडतही नसाल. तुम्ही पत्र वाचलंत, त्यात सगळं होतं, एका शब्दात सांगून मोकळे झाला असतात. मी तुमच्याशी जसा वागलो त्यानंतर ते योग्यच ठरलं असतं. तुम्ही माझ्या वाट्याचं बोलणं माझ्यासाठी राखून ठेवलंत. याचे आभार कसे मानायचे ते मी आठ दिवस शोधतो आहे. तीन कच्ची पत्रं फाडली.

एक दुरुस्ती मात्र करायला हवी. तुम्ही खात्रीने म्हणालात की पोऱ्या सांगेल. त्या सोमवारी मी सांगणार नव्हतो. बैठक झाली असती तर मी गप्प बसलो असतो, हे मला पक्कं माहीत आहे. मी तुमच्या खात्रीएवढा नव्हतो. गुरुवारी झालो. मॅडमनाही हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "दहा दिवस लपवलंस हे मला तेव्हाच कळलं होतं. तेरा नंबर कधी पाहिला त्याची तारीखही तू वहीत लिहिली होतीस."

त्यांनी मला एक शिक्षा दिली आहे, दर वर्षीसाठी. नवीन मुलं प्रयोगशाळेत आली की पहिल्या दिवशी फळ्याजवळ उभं राहून मी सांगायचं की पाच डब्या कशा बिघडल्या. नाव घेऊन, माझं.

आज ते झालं. सहा मुलं होती, दोन मुली आणि चार मुलगे. खडू दोनदा मोडला. मेमरिस्टर काय, मीटर काय करतो, मी सकाळी आठला का यायचो, सगळं सांगितलं. भूषण मागे दारात उभा होता. हसला नाही.

संपल्यावर एका मुलीने हात वर केला. तिने मला सर म्हटलं, नाना. म्हणाली, "सर, पण मीटर लावायच्या आधी विचारायचं असतं हे तुम्हाला कोणी शिकवलं नव्हतं का?"

मी म्हणालो, "शिकवणारे चांगले होते. चोपड्याचे जीवराम नाना. सहा वर्षं त्यांच्याकडे होतो. न विचारणं माझं."

मुलांनी वह्या उघडल्या होत्या. त्यांतल्या एकाने तुमचं नाव लिहून घेतलं. जीवराममधला 'जी' दीर्घ आहे ना, ते मी वाकून पाहिलं. बरोबर लिहिलं होतं.

तुमचा,
राजदीप